शेतीचे धोरण कोणत्या मापाने मोजावे?

(पुणे येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मी आपणांपुढे जमिनीविषयी बोलावयास उभा आहे. आपणांपैकी कित्येकांच्या मनात असा प्रश्न येईल की, येरवडा, दापोडी, ताडीवाला रोड अशा वस्त्यांतून राहणाऱ्या आणि कारखान्यात, कचेरीत किंवा बिगारीवर पोट भरणाऱ्या माणसांना शेतीच्या धोरणाशी काय कर्तव्य? माझे उत्तर असे की, आपल्या वाडवडिलांनी गाव सोडले ते हौसेने सोडले नाही. शेतीने त्यांना राबवून घेतले, पण सामावून घेतले नाही, म्हणून ते शहरात आले. आजही आपले चुलते, मामा, बहिणी गावातच आहेत. गावच्या सातबाऱ्यावर कोठे तरी आपल्या आजोबांचे नाव आहे, किंवा असावयास हवे होते आणि नाही. तेव्हा हा प्रश्न आपला आहे.

सरकार दर वर्षी सांगते की, शेतीवर इतके कोटी खर्च झाले, इतक्या विहिरी खोदल्या, इतक्या शेतकऱ्यांना साहाय्य दिले. हे आकडे खोटे असतात असे मी म्हणत नाही. परंतु खर्च म्हणजे यश नव्हे. वकिलाने पक्षकारास "मी तुमच्यासाठी चाळीस तारखांना उभा राहिलो" असे सांगून भागत नाही. निकाल काय लागला आणि त्या निकालाची अंमलबजावणी होऊन पक्षकाराच्या हाती काय पडले, हे त्याला सांगावे लागते. धोरणाचीही तीच कसोटी आहे. ही कसोटी कशी लावावी, हे आपणांस फार पूर्वीच सांगून ठेवलेले आहे. आपण ते वाचले पाहिजे इतकेच.

पिंपळे सौदागरची गोष्ट

पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन ह्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर ह्या गावाची पाहणी करून १९१७ मध्ये ती प्रसिद्ध केली. १७७१ साली ह्या गावात एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १९१४-१५ साली ती ७ एकरांवर आली होती. आज त्याच गावच्या शिवारात उंच इमारती उभ्या आहेत आणि ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. पण त्या काळी ह्या आकड्यांनी जाणत्यांची झोप उडविली. बहुतेकांनी निदान केले की, वारसाहक्काने जमिनीचे तुकडे होतात, म्हणून शेती बुडते. तेव्हा तुकडे जोडावेत आणि पुढे पडू देऊ नयेत.

१९१८ साली बाबासाहेबांनी भारतातील लहान धारणक्षेत्रांवर एक प्रबंध प्रसिद्ध केला. त्यांनी हे निदानच तपासून पाहिले. शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, असा त्यांचा सिद्धान्त होता. जमिनीला बैल, अवजारे, पाणी, भांडवल आणि मजुरी ह्यांची जोड किती आहे, ह्यावर ते ठरते. ज्याच्याकडे बैलजोडी नाही त्याला तीन एकरही जास्त होतात. ज्याच्याकडे पाणी आणि भांडवल आहे तो तीन एकरांत सुखाने राहू शकतो. मग जमिनीचे तुकडे का पडतात? फार मोठी लोकसंख्या जमिनीवाचून दुसरे काम नसल्यामुळे जमिनीलाच चिकटून बसते, म्हणून. ही माणसे कष्टाळू असली तरी त्यांच्या श्रमाला वाव नसतो, आणि जे पिकते ते तोंडात जाऊन भांडवल साठत नाही. तेव्हा उपाय केवळ जमिनीत नाही. उद्योगधंदे वाढवून माणसांचा भार जमिनीवरून उतरविण्यात आहे.

१० ऑक्टोबर १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात लहान खातेदारांविषयीच्या विधेयकाला त्यांनी ह्याच भूमिकेवरून विरोध केला. सक्तीने तुकडे जोडाल तर दुबळा खातेदार जमिनीला मुकेल आणि भूमिहीनांत भर पडेल. त्यापेक्षा प्रत्येकाची मालकी राखून सहकारी पद्धतीने शेती करावी, असे त्यांचे म्हणणे होते.

पुढे १९४७ साली तुकडेबंदी व तुकडेजोडीचा कायदा झालाच. त्याचा हेतू वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. पण फळ पाहा. महाराष्ट्रात १९७०-७१ च्या कृषिगणनेत सरासरी धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टर झाले. खात्यांची संख्या सुमारे साडेएकोणपन्नास लाखांवरून १५२ लाखांच्या वर गेली. कायद्याने तुकड्याला बंदी केली, पण भावाला पोट होते आणि त्या पोटाला दुसरा आधार नव्हता. लक्षणावर लेप लावला आणि रोग आत राहिला.

ह्या प्रबंधातून व बाबासाहेबांच्या पुढील कार्यातून मी चार प्रश्न काढले आहेत. कोणतेही शेतीविषयक धोरण आपणांपुढे आले की त्याला हे चार प्रश्न विचारावेत. जमीन शेवटी कोणाच्या हाती गेली? जमिनीबरोबर पाणी व भांडवल गेले काय? मिळालेला हक्क कागदावर टिकला काय? आणि ज्याला शेतीत जागा नाही त्याला काम मिळाले काय?

पहिला प्रश्न: जमीन कोणाच्या हाती?

१७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कायदेमंडळावर नेला. त्या मोर्चात जात पाहिली गेली नव्हती. कसणारा तो आपला, हे तत्त्व होते. १९४७ साली त्यांनी जो आराखडा संविधानसभेसाठी लिहिला, त्यात शेती हा राज्याचा उद्योग करावा, जमीन जातपात न पाहता गावकऱ्यांना सामुदायिकपणे कसण्यास द्यावी आणि भांडवल राज्याने पुरवावे, अशी मागणी होती. कोणी जमीनदार नाही, कोणी कूळ नाही, कोणी भूमिहीन मजूर नाही, अशी ती रचना होती. १८ मार्च १९५६ रोजी आग्रा येथे बोलताना खेड्यांतील भूमिहीन मजुरांसाठी आपल्या हातून पुरेसे झाले नाही, ही खंत त्यांनी बोलून दाखविली. ती खंत मनात धरूनच कर्मवीर दादासाहेब गायकवाड ह्यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले आणि हजारो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले.

मग कमाल जमीनधारणेचा कायदा आला. १९६१ चा हा कायदा २६ जानेवारी १९६२ पासून लागू झाला. १९७५ पासून मर्यादा खाली आणून बारमाही बागायतीसाठी १८ एकर आणि जिरायतीसाठी ५४ एकर अशी ती ठरविण्यात आली. कायदा चांगला होता. परंतु साखर कारखान्यांकडे जी उत्तम बागायती जमीन होती, ती अतिरिक्त ठरल्यावर भूमिहीनांत वाटली गेली नाही. सलग शेती मोडू नये ह्या कारणास्तव ती १९६३ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य शेती महामंडळाकडे गेली. पुढे कायद्यात दुरुस्त्या होऊन तीतील बरीच जमीन मूळ खंडकऱ्यांच्या वारसांकडे परतली. खंडकऱ्यांचा दावाही न्याय्य होता, असे मानावयास माझी हरकत नाही. पण त्या शेतावर पिढ्यान्‌पिढ्या ऊस तोडणाऱ्या, पाणी धरणाऱ्या मजुराचा दावा कोणत्या रकान्यात लिहिला गेला? तो रकानाच नव्हता. पहिल्या प्रश्नाचे हे उत्तर नीट ध्यानात ठेवा.

दुसरा प्रश्न: जमिनीबरोबर साधने गेली काय?

२००४ साली राज्य शासनाने कर्मवीर दादासाहेब गायकवाड ह्यांच्या नावाने सबळीकरण व स्वाभिमान योजना सुरू केली. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन शासनाने विकत घेऊन द्यावयाची, असे तिचे स्वरूप आहे. २०१८ पासून ती शंभर टक्के अनुदानावर आली आणि जिरायतीसाठी एकरी ५ लाख व बागायतीसाठी एकरी ८ लाख अशी खरेदीची मर्यादा ठरली. हेतू उत्तम आहे. त्याबद्दल शासनास श्रेय दिलेच पाहिजे. पण हवेली, मुळशी किंवा मावळ तालुक्यात ह्या भावाने जमीन कोण विकेल? जी विकावयास निघते ती माळरान, खडक, पाण्यापासून दूर. म्हणजे बाबासाहेबांनी जी चूक दाखविली तीच पुन्हा होण्याचे भय आहे: एकर द्यावयाचे आणि एकर पिकविण्याचे साधन द्यावयाचे नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेतून अनुसूचित जाती व नवबौद्ध शेतकऱ्यांना नवीन विहीर, जुन्या विहिरीची दुरुस्ती, पंपसंच ह्यांसाठी अनुदान मिळते. हे योग्य दिशेचे पाऊल आहे. पण नव्या विहिरीसाठी किमान ०.४० हेक्टर, म्हणजे ४० गुंठे जमीन असावी लागते. आपल्या वतनी जमिनीत एकेका सातबाऱ्यावर वीस-वीस नावे असतात आणि एकेकाच्या वाट्याला दहा-बारा गुंठे येतात. ज्याला विहिरीची गरज सर्वांत अधिक, तोच अटीच्या बाहेर राहतो.

पाण्याविषयी वेगळा विचार होऊ शकतो, ह्याचे उदाहरण दूर शोधावयास नको. ते आपल्या पुणे जिल्ह्यातच आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावी विलासराव साळुंखे ह्यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. तेथे पाणी जमिनीच्या एकरांवर नव्हे तर कुटुंबातील माणसांवर वाटले गेले: माणशी अर्धा एकर, कुटुंबास फार तर अडीच एकर. उसासारखे पाणी पिणारे पीक घ्यावयाचे नाही आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा, असे नियम होते. कालव्याचे पाणी ज्याची जमीन कालव्याखाली त्यालाच मिळते, आणि ज्याची जमीन मोठी त्याला मोठे मिळते. पाणी पंचायतीने ही गाठ सोडवून दाखविली. तो प्रयोग मर्यादित राहिला. पण पाण्यावर माणसाचा हक्क आहे, सातबाऱ्याचा नव्हे, हे त्याने सिद्ध केले.

तिसरा प्रश्न: हक्क कागदावर टिकला काय?

इथे मी वकील म्हणून बोलतो. महार वतन म्हणजे गुलामगिरीची सनद होती. तुटपुंजी इनाम जमीन आणि बलुते ह्यांच्या मोबदल्यात साऱ्या कुटुंबाने रात्रंदिवस सरकारचे व गावाचे काम करावयाचे. १९२८ साली बाबासाहेबांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले ते हा फास सोडविण्यासाठी. शेवटी १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने १ ऑगस्ट १९५९ पासून नष्ट झाली. चाकरी गेली, जमीन शासनजमा झाली आणि आकाराच्या तिप्पट रक्कम भरल्यास ती मूळ वतनदारास परत देण्याची तरतूद झाली.

रक्कम मोठी नव्हती. पण नोटीस कोणाला पोहोचली, कोणाला वाचता आली, मुदतीत कोणी भरले? ज्यांनी भरले त्यांच्या सातबाऱ्यावर "नवीन अविभाज्य शर्त" असा शेरा आला. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून विक्री नाही. ज्यांनी भरले नाही त्यांच्या जमिनीवर शासनाचे नाव राहिले, किंवा जो बळकट तो ती कसत राहिला. कायद्याने मुक्ती दिली. पण मुक्तीची पावती ज्याने जपली नाही, त्याच्या हातून जमीन निसटली.

ही जुनी गोष्ट आहे असे समजू नका. २०२५ च्या नोव्हेंबरात आपल्या पुणे शहरातील मुंढवा येथील सुमारे ४० एकर महार वतनाच्या जमिनीचे प्रकरण राज्यभर गाजले. अभिलेखात शासनाचे नाव असलेली ही जमीन जुन्या वतनदार कुटुंबांच्या मुखत्यारपत्राच्या आधारे एका खासगी कंपनीस विकल्याचा दस्त नोंदला गेल्याचे उघडकीस आले. गुन्हे दाखल झाले, शासनाने चौकशी समिती नेमली. न्यायाचा निर्णय संबंधित अधिकारी व न्यायालये करतील. आपण घ्यावयाचा धडा एवढाच की, ज्या जमिनीला एके काळी कोणी विचारीत नव्हते तिला आज सोन्याचे मोल आहे, आणि आपली सही ही त्या सोन्याची किल्ली आहे.

गायरानाचीही तीच कथा. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंत मागासवर्गीय भूमिहीनांनी शेतीसाठी कसलेली गायराने नियमित करण्याचे ठरले. अनेकांकडे त्या मुदतीपूर्वी कसत असल्याचा पुरावाच नव्हता. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावच्या सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. पण शासकीय अधिसूचनेखाली भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना जमीन दिलेली असल्यास ती अपवाद म्हणून नियमित करण्यास वाव ठेवला. अतिक्रमण हटविण्याची नोटीस आली की लोक पहिले वाक्य वाचून घाबरतात. दुसरे वाक्य त्यांना कोणी वाचून दाखवीत नाही.

आजची बहुतेक धोरणे कागदावरच चालतात. २०१९ साली सुरू झालेली वर्षाला ६ हजार रुपयांची केंद्राची योजना जमीनधारक कुटुंबांसाठी आहे. २०१७ व २०१९ ची राज्याची कर्जमाफी कर्ज मिळालेल्यांसाठी, आणि पीककर्ज सातबारा असणाऱ्यास. जो बटाईने कसतो, जो मजुरीने कसतो, तो शेतात दिसतो. योजनेच्या यादीत दिसत नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातील सरासरी धारणक्षेत्र १.०८ हेक्टर होते, तर अनुसूचित जातींचे ०.७८ हेक्टर, आणि ज्यांच्याकडे कसावयास काहीच नाही, ते ह्या सरासरीतही धरलेले नाहीत.

चौथा प्रश्न: इतरांना काम मिळाले काय?

न्याय म्हणून चांगल्याला चांगले म्हटले पाहिजे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजनेने महाराष्ट्र जगविला. १९७७ साली तिचा कायदा झाला, तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, आणि २००५ साली संसदेने त्याच धर्तीवर देशासाठी कायदा केला. ह्या योजनेने सातबारा मागितला नाही. काम करण्याची तयारी मागितली. बायकांच्या हाती पैसा आला. मजुराला मालकाशी मजुरीबद्दल बोलण्याचे बळ आले. कामे अर्धवट राहिली, हजेरीपटात खोट्या नोंदी झाल्या, मजुरी उशिरा मिळाली, हेही खरे आहे. तरीही माझ्या चार प्रश्नांपुढे ही योजना इतर पुष्कळ योजनांपेक्षा ताठ उभी राहते. कारण तिने भूमिहीनाला भीक दिली नाही, हक्क दिला.

आपण काय करावे

धोरणाची पारख करणे हे केवळ मंत्र्यांचे किंवा पंडितांचे काम नव्हे. आपल्या हातूनही पुष्कळ होण्यासारखे आहे.

गावच्या जमिनीचा सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार काढा. हे अभिलेख आता महाभूलेखवरही पाहता येतात. वडील वारले असतील तर वारसनोंद तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे कळवावी, असे जमीन महसूल संहिता सांगते. मुदत गेली असली तरी कळवा. न कळविण्यापेक्षा उशिरा कळविणे बरे. नोंदीत मुलींची नावे वगळू नका. हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि २००५ च्या दुरुस्तीने मुलीचा हक्क मुलासारखाच झाला आहे. बहिणीकडून हक्कसोड लिहून घेणारा भाऊ पंचशीलाचा उच्चार कोणत्या तोंडाने करील?

कोऱ्या कागदावर, न वाचलेल्या मुखत्यारपत्रावर सही करू नका. "फक्त कागद काढण्यासाठी" म्हणून मागितलेले मुखत्यारपत्र पुष्कळदा जमीन विकण्यासाठी असते.

धर्मांतरामुळे सवलती जातात ही भीती मनातून काढा. १९९० च्या कायद्याने बौद्धांना अनुसूचित जातींच्या यादीतील हक्क मिळाले, आणि राज्याच्या योजनांत नवबौद्धांचा स्पष्ट उल्लेख असतो. दाखल्यातील नोंद मात्र व्यवस्थित असावी. ती पाहून घ्या.

शेवटची गोष्ट ग्रामसभेची. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली एक साधा अर्ज करा: आमच्या गावात गेल्या पाच वर्षांत सबळीकरण योजनेतून किती कुटुंबांना जमीन दिली, कोणत्या गटातील दिली, तिला पाणी आहे काय, आणि आज ती कोण कसतो? उत्तर आले की ते ग्रामसभेत मोठ्याने वाचा. जो अधिकारी खर्चाचा आकडा सांगतो, त्याला शेवटचा प्रश्न पुन्हा विचारा.

बंधुभगिनींनो, बाबासाहेबांनी १९१८ साली हा प्रबंध लिहिला तेव्हा ते अवघे सत्तावीस वर्षांचे होते. त्यांनी भावनेला हात घातला नाही, हिशेब मांडला. आपल्या पिढीपुढेही तेच काम आहे. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा पाहुणचाराबरोबर तलाठ्याच्या दप्तरालाही एक फेरी मारा, आणि जे दिसेल ते लिहून आणा.

जय भीम.